भिडूच्या विलंबाचे लाभार्थी

“आता विचार करायलाही परवानगी मागायची का?” ब्रिजच्या स्पर्धांत हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की तो कोणत्या क्षणी येणार हे आता आधीच ओळखू येते. प्रतिपक्षाने डायरेक्टरला हाक मारलेली असते. शेजारच्या टेबलांवरचे खेळाडू आपापले पत्ते छातीशी धरून माना वळवतात. विचारणाऱ्याचा आवाज किंचित चढलेला असतो आणि चेहऱ्यावर भल्या माणसाचा अपमान झाल्याचा भाव असतो. तो भाव खोटा नसतो, हे आधीच मान्य करून टाकतो. आमची तक्रार निराळी आहे. हा प्रश्न नेहमी चुकीचा माणूस विचारतो. ज्याने विचार केला त्याच्यावर कोणी काही आरोप केलेलाच नसतो. बोट असलेच तर ते त्याच्या समोर बसलेल्या भिडूकडे असते, आणि तो भिडू त्या वेळी हातातले पत्ते पुन्हा एकदा रंगवार लावण्यात कमालीचा गुंतलेला दिसतो.

ब्रिज न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडे मागे जाणे भाग आहे. आम्ही मूळचे मोहाडीचे. भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावी आमच्या लहानपणी पत्ते म्हणजे मेंढीकोट. चौघांनी बसायचे, समोरासमोरचे दोघे भिडू, दहाचा पत्ता म्हणजे मेंढी, चारही मेंढ्या एकाच पक्षाकडे गेल्या की कोट. लग्नघरी किंवा धानाची रोवणी आटोपल्यावरच्या पावसाळी दुपारी डाव बसला की दिवेलागण कधी झाली ते कळत नसे. त्यात इशारे सर्रास चालत. मामांनी कानाची पाळी ओढली की बदामाचा एक्का त्यांच्याकडे, काका उगाच खाकरले की त्यांचे हुकूम संपले. समोरच्या पक्षाला हे ठाऊक असे, त्यांचेही इशारे ठरलेले असत, आणि पकडल्या गेलेल्या इशाऱ्यावर उठणारा हशा हा डावाचाच भाग असे. त्यात आम्हांला तेव्हाही काही गैर वाटले नाही, आजही वाटत नाही. ती चौघांनी मिळून घेतलेली मोकळीक होती.

ब्रिज आम्ही शिकलो तो पुढे नागपुरात, वसतिगृहाच्या खोलीत. खेळ नात्यातलाच: चौघे, दोन जोड्या, तेरा तेरा पत्ते, हुकूम. हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने १९२५ साली ‘फिनलंड’ नावाच्या जहाजावर पनामा कालव्याच्या प्रवासात गुणांची नवी पद्धत बसवली, आणि तिथून आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज सुरू झाला. मेंढीकोटापेक्षा त्याचे वेगळेपण एका कराराने येते. भिडूशी बोलायचे ते केवळ बोलीतून आणि टाकलेल्या पत्त्यातून. एक किलवरपासून सात बिनहुकमीपर्यंत ३५ बोल्या, शिवाय पास, डबल आणि रिडबल, असे या भाषेत अवघे ३८ शब्द आहेत. एवढ्या तुटपुंज्या शब्दसंग्रहात तेरा पत्त्यांचे वर्णन भिडूपर्यंत पोहोचवायचे, ही या खेळाची सारी गंमत आणि सारी यातना. कोणत्या शब्दाचा आमच्या जोडीत काय अर्थ, हे प्रतिपक्षाने विचारले तर सांगावे लागते. गुपित शब्द चालत नाही.

विलंब हा या भाषेतला एकोणचाळिसावा शब्द आहे. तो कोणी शिकवत नाही, आणि त्याचा अर्थ सर्वांना कळतो.

मोहाडी-आंधळगावकडच्या विणकर आळीत ज्याचे बालपण गेले त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. कोशाचे कापड विणणारा माग चालू असतो तोवर त्याच्या खटखटीकडे कोणाचे लक्ष नसते. तो थांबतो तेव्हा मात्र भिंतीपलीकडच्या माणसाला कळते की धागा तुटला किंवा कांडी संपली. बोलीचेही तसेच. लयीत आलेला पास काही सांगत नाही. अर्ध्या मिनिटाने आलेला पास सांगतो की या माणसाकडे पास करण्याइतके कमी नव्हते. सावकाश आलेले डबल सांगते की मला खात्री नाही, तुला वाटले तर उचल. ताडकन आलेले डबल सांगते की हात लावू नकोस.

आता आमची स्वतःचीच गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणे फार सोपे असते. बऱ्याच वर्षांपूर्वी विदर्भातल्याच एका शहरात जोड्यांची स्पर्धा होती. आमच्या डाव्या हाताच्या गृहस्थांनी चार इस्पिकने बोली उघडली. आमचा भिडू थबकला. पत्त्यांकडे पाहिले, छताकडे पाहिले, बोलीच्या पेटीकडे हात नेला, परत घेतला, आणि शेवटी पास केले. उजवीकडून पास आला. आमच्या हातात इस्पिकचे एकच पान होते, बाकी तिन्ही रंगांची चार चार, आणि ११ गुण. म्हणजे डबल करावे असा हात, आणि न करावे असाही. आम्ही डबल केले. भिडूने ते तसेच राहू दिले, कारण त्याच्याकडे इस्पिकचे तीन भक्कम पत्ते होते आणि बाहेर आणखी एक एक्का. प्रतिपक्ष दोन हातांनी कमी पडला. आम्हांला ५०० गुण मिळाले, आणि त्या बोर्डावर आमच्या दिशेने तेवढे कोणाकडेच नव्हते.

ते दोघे वयस्क गृहस्थ होते. त्यांनी डायरेक्टरला बोलावले नाही. एकाने आमच्याकडे क्षणभर पाहिले, पत्ते बोर्डात परत ठेवले, आणि पाण्याचा ग्लास उचलला. संध्याकाळी निकाल लागल्यावर ओळखीच्या एकाने पाठीवर थाप मारून म्हटले, “काय समज आहे हो तुमच्या जोडीत!” आम्ही हसून मान डोलावली. परतीच्या एस.टी.त खिडकीला डोके टेकवून बसलो असताना प्रथमच मनात आले की भिडूने लगेच पास केला असता तर आपण डबल केले असते का. याचे प्रामाणिक उत्तर त्या रात्री सापडले नाही. ते आजवर सापडलेले नाही, आणि सापडणारही नाही. या सगळ्या प्रश्नाची ग्यानबाची मेख तिथे आहे.

कारण पकडला गेलेला प्रत्येक खेळाडू एकच वाक्य बोलतो: “मी तसेही डबल केलेच असते.” बोलणाऱ्याला ते खरेच वाटत असते. पण भिडूच्या थबकण्याने ज्याच्या कानात एकदा कुजबुज झाली, त्याला न कुजबुजलेल्या कानाने आपण काय केले असते हे कळण्याचा मार्गच उरत नाही. ब्रिजचा कायदा लिहिणाऱ्यांना माणसाच्या मनाची ही जात नीट ठाऊक असावी. २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकाचे सोळावे कलम खेळाडूला ‘तू काय केले असतेस’ असे विचारतच नाही. भिडूच्या स्पष्ट विलंबातून, अनपेक्षित घाईतून, स्वरातून किंवा हावभावातून मिळालेली माहिती अनधिकृत आहे, आणि त्या माहितीने सुचवलेली बोली, दुसरा समंजस पर्याय उपलब्ध असताना, निवडता येत नाही, एवढेच ते म्हणते. समंजस पर्याय कोणता हे ठरते ते त्याच दर्जाच्या आणि त्याच पद्धतीने खेळणाऱ्या इतरांनी तो गंभीरपणे विचारात घेतला असता का, यावर. म्हणजे आमच्या त्या हातात पास हा समंजस पर्याय होता. भिडू थबकल्यामुळे आमच्यापुरता तो एकच पर्याय उरला होता. आम्ही दुसरा घेतला. त्याला चोरी हा शब्द जड वाटत असेल तर वाचकांनी हलका शब्द सुचवावा.

आणि थबकणाऱ्या भिडूचे काय? त्याच कायद्याचे त्र्याहत्तरावे कलम नेमके सांगते की अनवधानाने लय बदलणे हा अपराध नाही. लय सांभाळलेली बरी, एवढीच अपेक्षा आहे. लय बदलली तर त्यातून अनुमान काढण्याचा हक्क फक्त प्रतिपक्षाला, तोही स्वतःच्या जोखमीवर. अपराध होतो तो प्रतिपक्षाला फसवण्यासाठी मुद्दाम लय बदलली तर. हातात त्या रंगाचे एकुलते एक पान असताना कोणते टाकू अशा आविर्भावात रेंगाळणे, हे नियमपुस्तकाने दिलेले त्याचे उदाहरण. हे करणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल वाद नाही, म्हणून त्यांच्यावर शाई खर्च करत नाही.

आमचा वाद आहे तो सज्जनांशी. आमच्याकडच्या क्लबांतून आणि स्पर्धांतून एक अलिखित संहिता चालत आलेली आहे आणि ती कायद्याच्या अगदी उलटी आहे. जो विचार करतो त्याला आम्ही खडसावतो: किती वेळ लावतोस, पाहा आता त्याला बांधून टाकलेस. जो त्या विचाराचा फायदा उठवतो त्याला आम्ही शाबासकी देतो: याला म्हणतात भिडू! ‘समज’ हा आपल्या भाषेतला फार चांगला शब्द. नवराबायकोत समज असते, मागावर ताणा धरणाऱ्यात आणि विणणाऱ्यात असते, तबलजीत आणि गाणाऱ्यात असते. ब्रिजच्या टेबलावर मात्र बहुधा ज्या गोष्टीला समज म्हटले जाते ती एकोणचाळिसावा शब्द वाचण्याची कला असते, आणि त्या कलेचे कौतुक करणारे लोक टेबल सोडून उठले की अत्यंत सचोटीने वागणारे असतात. कोणी निवृत्त शिक्षक असतो, कोणी बँकेतला अधिकारी, कोणी वकील. पानवाल्याने दहा रुपये जास्त परत दिले तर ते परत जाऊन देतील.

जुन्या जोड्यांचे दुखणे तर आणखी खोल आहे. वीस वर्षे समोरासमोर बसलेल्या माणसाच्या विलंबाचे प्रकार पाठ होतात. हा चष्मा वर ढकलून थांबला तर मोठी बोली बोलू की छोटी या विचारात आहे. चष्मा न हलवता थांबला तर बोलू की नको या विचारात आहे. कोणी कोणाला सांगितलेले नसते, ठरवलेले नसते. नियमपुस्तक आधीच ठरवून केलेल्या खुणांना सर्वांत गंभीर अपराध मानते. मग न ठरवता, निव्वळ सहवासाने तयार झालेली खूण, जी दोघांनाही कळते, दोघेही वापरतात आणि दोघेही कधी बोलून दाखवत नाहीत, तिला काय म्हणायचे? कायदा तिला त्या गंभीर अपराधाच्या पंक्तीला बसवत नाही, आणि हेतू पाहता ते योग्यही आहे. पण प्रतिपक्षाच्या पदरी पडणारे नुकसान हेतू पाहून कमीजास्त होत नाही.

जागतिक ब्रिजमधली मोठी प्रकरणे या बाबतीत आमच्या सज्जनांच्या फार उपयोगी पडतात. १९६५ साली ब्वेनोस आयरेसला रीस आणि शॅपिरो या ब्रिटिश जोडीवर बोटांच्या खुणांचा आरोप झाला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरले आणि पुढे ब्रिटनमधल्या चौकशीने निर्दोष ठरवले. १९७५ साली बर्म्युडामध्ये एका इटालियन जोडीचे टेबलाखालचे पाय बोलके निघाले, आणि मग पडद्यांच्या जोडीला टेबलाखाली फळीही आली. २०१५ साली फिशर आणि श्वार्ट्झ या इस्रायली जोडीने बोर्ड कुठे ठेवावा यातून संदेश दिल्याचे चित्रफितींतून उघड झाले. ही प्रकरणे आपल्याकडे चवीने सांगितली जातात, आणि सांगून झाल्यावर सांगणारा आपले स्वच्छ पाय टेबलाखाली सैल सोडून पुढचा डाव खेळतो. आम्ही पाय वाजवत नाही, म्हणजे आम्ही साफ. पाय वाजवणाऱ्याला निदान तसे करायचे ठरवावे लागते. आम्हांला ठरवावेही लागत नाही, भिडू थबकतो आणि आमचे काम होते.

यावर एक शहाणपणाचा आक्षेप येतो. कान बंद करता येत नाहीत. भिडू थांबला हे ऐकू येणारच. ऐकलेले न ऐकल्यासारखे करा असे सांगणारा कायदा माणसाकडून अशक्य मागतो. आक्षेप दिसायला बिनतोड आहे. पण न्यायालये हेच रोज करतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे पंचविसावे कलम होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते तत्त्व राखले आहे. न्यायाधीशाच्या कानावर तो कबुलीजबाब कधी ना कधी पडलेला असतो. वर्तमानपत्रात तर सर्वांनीच वाचलेला असतो. ‘मी ऐकलेच नाही’ असे ढोंग न्यायाधीशाकडून कोणी मागत नाही. तो बाजूला ठेवून उरलेल्या पुराव्यावर काय ठरते तेवढे पाहायचे असते. ब्रिजचा कायदा याहून कणभरही जास्त मागत नाही. कळू द्या, कळले ते वापरू नका. उलट, ज्याला काही कळलेच नाही त्याच्या न वापरण्याला काय किंमत?

एक अवांतर आठवण इथे सांगण्याजोगी आहे. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्या देशाचा ब्रिज संगणकावर गेला तेव्हा आम्ही मोहाडीच्या घरूनच खेळत होतो. भिडू नागपुरात, प्रतिपक्ष कुठे पुण्यात किंवा कोलकात्यात. बोली अडली की भिडू विचारात पडला, की त्याच्या घरचे नेट गेले, की आमच्याकडे लाईट लपलपली, हे कोणालाच सांगता येत नसे. एकोणचाळिसावा शब्द मोबाईलच्या टॉवरने पुसून टाकला होता. आम्ही आयुष्यात सर्वांत निर्मळ ब्रिज खेळलो असू तर ते त्या दिवसांत. मोठ्या स्पर्धांत टेबलावर आडवा पडदा लावतात त्याचाही उपयोग काहीसा असाच होतो. बोल्यांचा ट्रे सरकायला वेळ लागला तर पलीकडच्या दोघांपैकी कोण थांबले होते ते पटकन कळत नाही. म्हणजे उपाय आहेत. पण जिल्ह्याच्या गावी चार खोल्यांत चाळीस जोड्या बसवणारे संयोजक पडदे कुठून आणणार?

इथे आणखी एका गोष्टीची गल्लत होते, आणि ती संयोजकच जास्त करतात. भिडूला माहिती देणारा विलंब आणि सरसकट संथ खेळ हे दोन वेगळे अपराध आहेत. पहिल्यात दोष घेणाऱ्याचा असतो, दुसऱ्यात दोष करणाऱ्याचा. ‘लवकर खेळा, म्हणजे हे प्रश्नच येणार नाहीत’ असे माइकवरून सांगणारा संयोजक दोहोंची खिचडी करतो, आणि त्यामुळे कठीण हातावर प्रामाणिकपणे थांबलेला खेळाडू आणि प्रत्येक दुरीवर ध्यान लावून बसणारा खेळाडू एकाच पंक्तीत बसतात.

संथ खेळाबद्दल आम्ही मात्र कठोर आहोत. बुद्धिबळात तुम्ही विचार करता तेव्हा तुमचेच घड्याळ पळते. कबड्डीत चढाईला आता ३० सेकंद मिळतात, आणि पूर्वी तर चढाई करणाऱ्याचा दम हेच घड्याळ होते. वेळ घेणाऱ्याला स्वतःच्या छातीतून किंमत मोजावी लागे. ब्रिजमध्ये बहुतेक ठिकाणी माणसागणिक घड्याळ नाही. दोन बोर्डांना साधारण पंधरा मिनिटे, ती चौघांत सामाईक. एकाने त्यातली दहा खाल्ली तर उरलेल्या पाचांत तिघांनी धावायचे, आणि पुढच्या फेरीसाठी येऊन उभ्या राहिलेल्या जोडीने भिंतीला टेकून वाट पाहायची. आमच्या भंडारा जिल्ह्यात याला चपखल उपमा घरचीच आहे. मालगुजारी १९५१ साली संपली, पण मालगुजारांच्या काळातले तलाव उरले. त्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो. तलावाच्या पाटावर पहिली बांधी ज्याची, त्याने पाण्याची पाळी संपल्यावरही बांध बंद केला नाही, तर त्याच्या धानाला काही मोठा लाभ होतो असे नाही. शेवटच्या टोकाच्या बांधीला मात्र भेगा पडतात. आणि वरच्याला विचारावे तर तो निरागसपणे म्हणतो, मी काय कोणाचे घेतले, पाणी तर तलावाचे होते.

संथ खेळणारा नेमके हेच म्हणतो. वेळ तर सगळ्यांचा होता! त्याच्या या निरागसपणाची किंमत सर्वांत जास्त कोण देतो? घड्याळाकडे पाहून स्वतःचा खेळ घाईत उरकणारा सभ्य प्रतिस्पर्धी. उशीर झाला म्हणून दंडाची वेळ आली की डायरेक्टर कोणी उशीर केला या भानगडीत न पडता दोन्ही जोड्यांना सारखी तंबी देतो, आणि न्याय झाल्याचे समाधान सर्वांना मिळते. नियमपुस्तकाच्या नव्वदाव्या कलमाने अवाजवी संथ खेळाला दंड ठेवला आहे, तो खेळणाऱ्याला आहे, टेबलाला नव्हे. पाटकरी बांध फोडणाऱ्याचे नाव घेतो. डायरेक्टरने एवढे तरी करावे.

म्हातारपणाने, दुखण्याने किंवा नवखेपणाने हात सावकाश चालणारे असतात, त्यांचे काय, असे कोणी विचारील. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. प्रतिपक्षाला सुरुवातीलाच ‘आम्हांला जरा वेळ लागतो’ असे सांगणाऱ्या जोडीसाठी कोण घाई करत नाही? पण आमच्या पाहण्यातले बरेच संथ खेळाडू ना म्हातारे असतात ना नवखे. त्यांना आपला विचार खोल आहे हे जगाला दाखवायचे असते, आणि काहींना शेवटचा अवघड बोर्ड वेळेअभावी रद्द झालेला हवा असतो.

नवख्यांची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करू, कारण या वादात खरे नुकसान त्यांचे होते. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा पत्ते म्हणजे जुगार असे मानणाऱ्या घरांतूनही पोरे आमच्याकडे ब्रिज शिकायला आली. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितले होते, आणि ते सांगताना दाखला ब्रिजचा दिला होता. पण न्यायालयाच्या निकालाने जे झाले नाही ते पदकाने झाले. त्या पोरांना आम्ही पहिल्या सहा महिन्यांत काय शिकवले? ‘विचार करू नकोस.’ अवघड हात आला तरी ताडकन बोल, नाहीतर डायरेक्टर येईल. परिणाम असा की एक चांगली डोक्याची मुलगी, जिचे गणित आमच्या सगळ्यांहून पक्के, स्पर्धेत प्रत्येक बोली दोन सेकंदांत करू लागली आणि हरू लागली. एके दिवशी ती यायची थांबली. विचार करण्याच्या खेळात विचाराची भीती घालणारे आम्हीच, आणि पुढची पिढी मोबाईलवर काय खेळते म्हणून हळहळणारेही आम्हीच.

खरे तर तिला दोन वाक्ये सांगायची होती. तुला हवा तेवढा वेळ घे, नियमाच्या मर्यादेत. आणि तुझा भिडू थांबला असेल तर तुझ्या हातातल्या दोन बोल्यांपैकी त्याच्या थांबण्याने सुचवलेली बोली सोडून दे. पहिले वाक्य तिला निर्भय करील, दुसरे तिच्या भिडूला. आपल्या थांबण्याचा गैरफायदा समोरचा घेणार नाही अशी खात्री असलेला खेळाडूच मोकळेपणाने थांबू शकतो.

हे न सांगण्याचे कारण आम्हांला ठाऊक आहे. ते भिडेत आहे. डायरेक्टरला बोलावणे म्हणजे समोरच्याला लबाड म्हणणे, अशी आमच्याकडची ठाम समजूत आहे. ‘इतकी वर्षे एकत्र खेळतो, आणि आता संशय?’ या वाक्यापुढे भलेभले नांगी टाकतात. वास्तविक निकाल बदलणे हे आरोपपत्र नाही. क्रिकेटमध्ये पंचाने पायचीत दिले म्हणून फलंदाज बदमाश ठरत नाही. नियमपुस्तकाने तर त्याहून सौम्य वाट दाखवली आहे: त्या क्षणी एवढेच म्हणायचे की थोडा वेळ गेला, याबद्दल सर्वांचे एकमत आहे ना, गरज पडली तर आम्ही डायरेक्टरला नंतर बोलावू. आवाज न चढवता म्हणायचे हे वाक्य. आम्ही ते म्हणत नाही. टेबलावर गप्प बसतो आणि चहाच्या टपरीवर त्या जोडीची पिसे काढतो. आमच्या त्या डबलनंतर पाण्याचा ग्लास उचलणाऱ्या गृहस्थांनी चहाच्या टपरीवर आमच्याबद्दल काय म्हटले असेल, याची कल्पना आम्ही करू शकतो. ते त्यांनी तोंडावर म्हटले असते तर आम्हांला फार वर्षे आधी अक्कल आली असती. उलट बाजूचेही लोक आहेत, हे खरे. समोरच्याने श्वास घेतला तरी ‘डायरेक्टर!’ म्हणून ओरडणारे. पण ते आमच्याकडे थोडे, आणि त्यांचे नाव झाले की त्यांच्याशी कोणी फारसे खेळत नाही.

गेल्या काही वर्षांत आमचा भिडू बदललेला नाही. तो अजून थबकतो. मागे नागपुरातल्या एका स्पर्धेत प्रतिपक्षाने चार बदामने बोली उघडली, हा बराच वेळ पत्त्यांत बुडून राहिला आणि पास झाला. आमच्या हातात राजा-राणीसकट पाच इस्पिक, बदामाचे एकच पान, १० गुण. बोलावे असा हात, आणि न बोलावे असाही. आम्ही पास केले. चार बदाम झाले आणि आम्ही ६२० गुण दिले. बहुतेक टेबलांवर आमच्या दिशेच्या जोड्यांनी चार इस्पिक बोलून, डबल खाऊन, एका हाताने कमी पडून अवघे १०० दिले होते. आमचा नंबर त्या एका बोर्डाने बराच खाली गेला.

संध्याकाळच्या गाडीत भिडू खिडकीशी बसला. कामठी गेल्यावर त्याने विचारले, “पाच इस्पिक होते ना तुझ्याकडे?”

“होते.”

“माझ्याकडे चार होते.”

“वाटलंच.”

त्यानंतर वरठी येईपर्यंत तो काही बोलला नाही. फलाटावर उतरल्यावर त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, दिव्याखाली धरून पाहिला, आणि पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेची दोघांची प्रवेश फी आपण सकाळीच भरली असल्याचे सांगितले. मग आम्ही दोघे बाहेर मोहाडीच्या बसची वाट पाहत उभे राहिलो.